आफ्रिकेतील जावई, आफ्रिकेतील सून: कोकणातल्या घरांनी लग्नाआधी काय बोलून घ्यावे

कोकणातला मुलगा किंवा मुलगी आफ्रिकेतील जोडीदाराशी लग्न ठरवते, तेव्हा ती दोघे एकमेकांना बहुधा चांगली ओळखत असतात. कोणी जहाजावरच्या नोकरीत भेटलेले असते, कोणी आखातात एकाच कंपनीत, तर कोणी पुण्यात शिकत असताना. बोलणे इंग्रजीत आणि राहणी शहरी असल्यामुळे आपल्यात फारसे अंतर नाही असे त्यांच्या मनाने घेतलेले असते, आणि त्या दोघांपुरते ते खरेही असते. अंतर जाणवते ते पहिल्या गणपतीला, पहिल्या बाळंतपणाला, सासरच्या पहिल्या मयताला आणि गावाकडून पैशांसाठी आलेल्या पहिल्या निरोपाला, कारण त्या प्रसंगी दोन्ही घरे समोरासमोर येतात आणि दोन्हीकडे लग्न हे घराण्यांचे कार्य मानलेले असते. म्हणून पुढील सूचना जोडप्याइतक्याच आईवडील, मामा, काका आणि आत्या यांच्यासाठी आहेत. जोडप्याने आपापसांत ठरवलेली गोष्ट घरांनी मान्य केलेली नसेल, तर ती वेळेला टिकत नाही.

कोणती आफ्रिका, हे आधी विचारावे

आफ्रिकेत ५४ देश आहेत आणि एकट्या नायजेरियात पाचशेहून अधिक भाषा बोलल्या जातात. 'मुलगा नायजेरियाचा आहे' एवढ्यावर बैठक ठरवू नये. तो आग्नेय भागातील इग्बो आहे, नैर्ऋत्येकडील योरुबा आहे, की उत्तरेकडील हौसा आहे, हे विचारावे. इग्बो बहुतांशी ख्रिस्ती आहेत, हौसा बहुतांशी मुस्लिम आहेत, आणि योरुबांमध्ये एकाच घरात दोन्ही धर्म नांदतात. ख्रिस्ती असल्यास कॅथलिक की पेंटेकॉस्टल (पवित्र आत्म्याच्या अनुभवावर भर देणारा प्रोटेस्टंट पंथ), हा प्रश्नही महत्त्वाचा आहे, कारण देवघरासमोर सून किंवा जावई काय करील हे बऱ्याच अंशी त्यावर ठरते. सून इथिओपियाच्या ऑर्थोडॉक्स पंथाची असेल, तर ती बुधवारी आणि शुक्रवारी मांस, दूध आणि अंडी वर्ज्य करील, आणि सोमवार-गुरुवार मासे न खाणाऱ्या आपल्या घरांना ते समजायला मुळीच कठीण जाऊ नये.

'आपल्याकडे असे कधी झाले नाही' असे घरातील वडीलधारे म्हणतात, तेव्हा त्यांना मुरूडच्या समुद्राची आठवण करून द्यावी. आफ्रिकेतून आलेल्या सिद्द्यांचे जंजिरा संस्थान १९४८ साली विलीन होईपर्यंत आपल्याच किनाऱ्यावर होते आणि त्या मुलखाला हबसाण म्हणत असत. रत्नागिरी आणि रायगडकडील कोकणी मुसलमान कुटुंबे दक्षिण आफ्रिकेत केपटाउनपर्यंत आणि पूर्व आफ्रिकेत जाऊन स्थायिक झाली आहेत. या किनाऱ्यावरची ये-जा फार जुनी आहे. पुढील विवेचनात मी मुख्यतः इग्बो घरांचे दाखले घेतले आहेत. इतर समाजांत तपशील बदलेल, पण विचारायचे प्रश्न तेच राहतील.

पहिले पाऊल कोणी टाकायचे

सर्वांत पहिला गैरसमज येथेच होतो, आणि तो कोणाच्या लक्षातही येत नाही. आपल्याकडे परंपरेने मुलीकडची मंडळी स्थळ घेऊन मुलाकडे जातात. इग्बो समाजात मुलाकडील वडीलधारे ताडीची भांडी आणि कोलाची फळे (आपल्या सुपारीसारखी मानाने पुढे करायची कडवट बी) घेऊन मुलीच्या घरी जातात आणि 'दार ठोठावतात'. घानातही पहिल्या भेटीला असेच नाव आहे. आता मुलगा कोकणातला आणि मुलगी इग्बो असेल, तर मुलाचे वडील मुलीकडच्यांच्या फोनची वाट पाहत बसतात आणि मुलीचे वडील यांच्या येण्याची वाट पाहत बसतात. महिना-दोन महिने असेच जातात आणि दोन्ही घरांत एकच वाक्य बोलले जाते की त्यांना गरज दिसत नाही. म्हणून मुलगी आफ्रिकेतील असल्यास मुलाकडच्यांनी आधी पुढे व्हावे. प्रत्यक्ष जाणे तूर्त शक्य नसेल, तर घरातील सर्वांत वडील पुरुषाने मुलीच्या वडिलांना व्हिडिओ कॉल करून रीतसर विचारावे. मुलाने स्वतः केलेला फोन या कामी चालत नाही.

मुलगा इग्बो आणि मुलगी आपली असल्यास त्याच्या घरचे लोक आपल्या पडवीत येतील, आणि ती बैठक नीट झाली तर पुढचे अर्धे काम सोपे होते. पाहुण्यांत वयाने सर्वांत मोठे कोण, हे आधीच विचारून त्यांना मानाच्या जागी बसवावे. पाणी आणि विडा-सुपारी द्यावी, आणि कोणतीही वस्तू डाव्या हाताने देऊ नये, कारण हा नियम नायजेरियातही तितकाच कडक आहे. इग्बो घरात पाहुण्यांसमोर कोलाचे फळ ठेवण्याचा मान यजमानाचा असतो. ते हातात धरून वडीलधारा माणूस प्रार्थना करतो, पूर्वजांना आणि ईश्वराला साद घालतो, दोन्ही घरांसाठी संतती, आयुष्य आणि समृद्धी मागतो, आणि प्रत्येक मागणीच्या शेवटी जमलेले लोक एका आवाजात 'ईसे' म्हणतात. ज्याने आपल्याकडे तुळशीपुढे किंवा देवळात गाऱ्हाणे ऐकले आहे आणि प्रत्येक वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हटले आहे, त्याला ही प्रार्थना एक शब्द न कळताही कळते. नंतर फळ फोडून त्याच्या पाकळ्या मोजतात. चार निघाल्या तर ते शुभ मानतात, कारण इग्बो आठवडा एके, ओरिये, आफो आणि न्क्वो या चार बाजारांच्या दिवसांचा असतो. बहुतेक ठिकाणी फळ फोडण्याचे काम पुरुषच करतात. आपल्या घरातील स्त्रियांना हे खटकेल. त्यांनी तसे बैठकीत न बोलता नंतर मुलापाशी बोलावे.

वनस्पतीजन्य माल विमानतळावर अडू शकतो, त्यामुळे केवळ पाहुणे आणतील त्या कोलावर अवलंबून न राहता तबकात नारळ आणि सुपारी मांडून ठेवावी. आपले गाऱ्हाणे आधी आणि त्यांची प्रार्थना नंतर, असा क्रम ठेवता येतो. मात्र पाहुणे कट्टर पेंटेकॉस्टल असतील, तर ग्रामदेवतेचे गाऱ्हाणे सकाळी घरच्यांपुरते उरकून घ्यावे आणि बैठकीत फक्त वडिलांचे आशीर्वाद ठेवावेत. त्यांच्यापैकी काही जण पूर्वजांचे नाव घेणारी कोलाची जुनी प्रार्थनाही टाळतात, हे लक्षात ठेवावे.

वधूमूल्य आणि हुंडा

इग्बो रीतीत मुलाकडून मुलीच्या घराला काही रक्कम आणि वस्तूंची यादी दिली जाते. तिच्यात रताळ्यासारखे दिसणारे मोठे यामकंद, ताडी, आईसाठी लुगड्यासारखी वस्त्रे, भावकीचा वाटा आणि घराण्यातील माहेरवाशिणींचा वाटा असतो. आपल्या लोकांना ही यादी मुलीचा सौदा वाटते, आणि त्यांना आपला हुंडा हा मुलगी खपवण्यासाठी दिलेला पैसा वाटतो. दोन्ही समजुती मनात ठेवून कोणीही बैठकीला बसू नये. अनेक इग्बो घरांत मुलीचा बाप रकमेतील काही भाग परत करतो आणि आम्ही मुलगी विकत नाही असे स्पष्ट सांगतो.

व्यवहार म्हणून पाहिले तर पुढील मार्ग मला योग्य वाटतो. भारतात १९६१ च्या हुंडाबंदी कायद्याच्या व्याख्येत दोन्ही दिशांची देवघेव येऊ शकते, त्यामुळे पैशांची मागणी किंवा स्वीकार भारतात करू नये. सून इग्बो असेल तर तिच्या गावी जाऊन तेथील रीत तेथेच पूर्ण करावी, आणि यादी आधी मागवून, तिच्याच एखाद्या काकांबरोबर बसून ती आपल्या ऐपतीत आणावी. घासाघीस तेथे अपेक्षित असते, मात्र ती हसतमुखाने आणि मध्यस्थामार्फत करायची असते. मुलगी आपली असेल तर पैसा पूर्णपणे वगळून फळे, नारळ आणि आईला एक साडी एवढ्यावर मान राखता येतो. पुढे ताडीचा पेला घेऊन वधूने गर्दीतून वराला शोधायचे, स्वतः घोट घेऊन गुडघे टेकून तो त्याला द्यायचा, असा एक सुंदर विधी आहे. आपल्याकडे परवानाधारक दुकानात माडी मिळते. घरात चालत नसेल तर कोकम सरबत चालेल, हे दोन्हीकडच्यांना आधी सांगून ठेवावे. गुडघे टेकण्याबद्दल आपल्या मुलीचे मत काय आहे, ते मात्र तिलाच आणि वेळेपूर्वी विचारावे.

पत्रिकेआधी रक्त

या बाबतीत त्यांच्याकडून शिकण्यासारखे आहे. नायजेरियात लग्न ठरवताना 'तुझा जीनोटाइप काय', म्हणजे रक्तातील हिमोग्लोबिनचा आनुवंशिक प्रकार कोणता, असे सरळ विचारतात आणि अनेक चर्च त्या तपासणीशिवाय लग्न लावत नाहीत, कारण तेथे सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचे वाहक फार मोठ्या प्रमाणावर आहेत. एएस म्हणजे वाहक. दोघेही वाहक असल्यास प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी होण्याची शक्यता चारात एक असते. आपल्या लोकांचा समज असा की आमच्यात सिकलसेल नाही म्हणून प्रश्न मिटला. तो मिटत नाही. आपल्याकडे बीटा थॅलेसेमिया या दुसऱ्या आनुवंशिक रक्तविकाराचे वाहक आढळतात, आणि एका बाजूने सिकल व दुसऱ्या बाजूने थॅलेसेमिया आल्यासही मुलाला गंभीर आजार होऊ शकतो. म्हणून दोघांनीही हिमोग्लोबिनचे प्रकार दाखवणारी एचपीएलसी ही रक्ततपासणी करावी. ती मोठ्या शहरांतील प्रयोगशाळांत होते आणि अहवाल घेऊन जनुकीय समुपदेशकाकडे जावे. साखरपुड्यानंतर तपासणी केली तर खरे उत्तर ऐकण्याची कोणाची तयारी नसते, म्हणून ती आधीच करावी.

कागदपत्रे

भारतात लग्न होणार असेल तर १९५४ चा विशेष विवाह कायदा बहुतेक जोडप्यांना लागू पडतो. दोघांपैकी एकाचे वास्तव्य त्या जिल्ह्यात नोटिशीपूर्वी किमान ३० दिवस झालेले असावे लागते. नोटीस लावल्यानंतर आणखी ३० दिवस हरकतींसाठी जातात, आणि नोटिशीच्या तारखेपासून तीन महिन्यांत लग्न न झाल्यास ती बाद होते. तीन साक्षीदार लागतात. परदेशी जोडीदाराला अविवाहित असल्याचा दाखला सहसा त्याच्या दूतावासामार्फत द्यावा लागतो, आणि बहुतेक आफ्रिकी दूतावास दिल्लीत असल्यामुळे तारखा काढताना तेवढा अवकाश ठेवावा.

एक गोष्ट विशेष जपून विचारावी. नायजेरिया, केनिया, दक्षिण आफ्रिका या देशांत रूढीप्रमाणे झालेले लग्न खरे लग्न असते, त्याची सरकारी नोंद नसली तरीही, आणि रूढीच्या लग्नात एकाहून अधिक पत्नी असू शकतात. नुसत्या दाखल्यावरून हे कळत नाही. ते घरी जाऊन, भावकीत बसूनच कळते. पहिली बैठक टाळू नये असे मी म्हणतो, त्यामागे हेही कारण आहे.

सासरचे लोक लग्नाला येणार असतील, तर आफ्रिकेतील अनेक देशांतून येणाऱ्यांना पीतज्वराच्या लशीचे प्रमाणपत्र लागते. लस प्रवासापूर्वी किमान दहा दिवस घेतलेली असावी, नाहीतर लग्नाच्या दिवशी वराची आई विलगीकरणात असेल. घरी परदेशी पाहुणा उतरला की त्याची नोंद करण्याविषयी पोलीस ठाण्यात आधीच विचारून घ्यावे आणि पोलीस पाटलांनाही कळवावे. गावात चर्चा होणारच असते. ती अधिकृत माहितीनंतर झालेली बरी.

जमिनीचा प्रश्न कोकणात सर्वांत नाजूक असतो, कारण सातबारा बहुधा सामायिक असतो. हिंदू व्यक्तीने विशेष विवाह कायद्याखाली ख्रिस्ती किंवा मुस्लिम व्यक्तीशी लग्न केले, की कलम १९ नुसार ती अविभक्त कुटुंबातून विभक्त मानली जाते. तिचा हिस्सा त्यामुळे बुडत नाही. भाऊबंद मात्र 'तुझा हक्क गेला' असे सांगतात आणि पुष्कळ जण ते खरे मानतात. पुढे तिच्या मालमत्तेला १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागतो, ज्यात मुले असल्यास हयात जोडीदाराला एक तृतीयांश आणि मुलांना दोन तृतीयांश मिळते. परदेशी नागरिकाला येथे शेतजमीन विकत घेता येत नाही, हे जावयाला आधी सांगावे, म्हणजे बागायतीत पैसा घालून नंतर वाद होणार नाहीत. लग्नाची नोंद होऊन दोन वर्षे पूर्ण झाल्यावर परदेशी जोडीदाराला ओसीआय कार्डासाठी (भारतात दीर्घकाळ राहण्याची मुभा देणाऱ्या ओळखपत्रासाठी) अर्ज करता येतो. उलट दिशेने पाहिले तर नायजेरियाची राज्यघटना तेथील पुरुषाच्या परदेशी पत्नीला नोंदणीने नागरिकत्व मागू देते, पण तेथील स्त्रीच्या परदेशी पतीला तशी तरतूद नाही. कोठे राहायचे, हे ठरवताना हा फरक मोठा ठरतो.

देवघर, गौरी आणि स्वयंपाकघर

सून पेंटेकॉस्टल असेल तर मूर्तीपुढे वाकणे आणि नैवेद्याचे अन्न खाणे तिच्या श्रद्धेच्या विरुद्ध असू शकते. तिने गणपतीत घरी यावे, सजावट करावी, मोदक वळावेत, आरतीच्या वेळी उभे राहावे, आणि हात जोडणे तिच्यावर सोडावे, असा तह अनेकांना जमण्यासारखा आहे. पण नव्या सुनेचा गौरीचा ओवसा हा पहिल्याच वर्षी येतो आणि साऱ्या वाडीचे डोळे तिच्या सुपांकडे लागलेले असतात. ती ओवसणार की नाही, हे श्रावणातच ठरवावे आणि न ओवसण्याचे ठरल्यास सासूने स्वतः शेजारणींना सांगावे. सासू सुनेच्या बाजूने बोलली, की वाडी गप्प बसते. पाळीच्या दिवसांतील बाजूला बसणे कोणत्याही सुनेवर लादू नये असे माझे मत आहे, आणि परक्या देशातून आलेल्या मुलीवर तर नाहीच.

स्वयंपाकघरात मात्र दोन्ही मुलूख आश्चर्य वाटावे इतके जवळ आहेत. वाळवलेल्या कोळंबीची पूड त्यांच्या जवळजवळ प्रत्येक रश्श्यात पडते, आणि आपल्याकडे सोडे आणि जवळा आहेतच. त्यांच्या यामचे भाऊबंद म्हणजे आपली कणगी, करांदे आणि कोनफळ. त्यांचा कसावा आपण साबुदाण्याच्या रूपात उपासाला खातो. पिकलेल्या राजेळी केळ्याच्या तिरक्या जाड चकत्या करून, चिमूटभर मीठ लावून, तेलात कडा तपकिरी होईपर्यंत तळाव्यात. नायजेरियातील कोणत्याही घरातल्या माणसाला तो घास ओळखीचा लागतो. सून आल्यावर पहिल्या आठवड्यात तिला एक दिवस पूर्ण चूल द्यावी, आणि तिचे रांधलेले सर्वांनी बसून खावे.

पैसा

आफ्रिकेतील मोठ्या मुलाने किंवा नोकरी करणाऱ्या मुलीने भाचरांची फी, काकांचे औषध आणि गावच्या घराचे छप्पर यांचा भार उचलावा अशी अपेक्षा असते. आपल्या मुलीला हे समजून सांगायला कोकणाइतका योग्य मुलूख नाही, कारण मुंबईच्या गिरणीतून येणाऱ्या मनीऑर्डरीवर येथील पिढ्या वाढल्या आहेत. तरीही दर महिन्याची रक्कम दोघांनी ठरवावी, दोन्ही घरांसाठी सारखा नियम लावावा, आणि अडीअडचणीसाठी वेगळे खाते ठेवावे. नकार देण्याची वेळ आली तर ज्याचे घर त्यानेच द्यावा. जावयाच्या भावाला आपल्या मुलीने नकार दिला, तर तो नकार वर्षानुवर्षे लक्षात राहतो.

रंग आणि केस

वर्णाविषयी बोलणे घरातच थांबवावे लागते. 'पोरे कोणावर जातील' हा प्रश्न हसत विचारला तरी तो दुखावतो, आणि मराठी येत नसले तरी तो समजतो. परवानगीशिवाय केसांना हात लावू नये, आणि हे लहान मुलांनाही शिकवावे. नातवंडांचे केस दाट कुरळे असतील तर बारीक दातांची फणी कधीही वापरू नये. केस ओले करून, खोबरेल लावून, बोटांनी गुंता सैल करावा आणि रुंद दातांच्या कंगव्याने टोकाकडून मुळाकडे सरकत जावे. आजीने हे काम शिकून घेतले, तर त्या मुलीला शाळेत कोणी काही म्हटले तरी घरी येऊन बसायला एक मांडी असते.

जन्म आणि मृत्यू

आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी होते. इग्बो रीतीत मुलीची आईच लेकीच्या घरी येते, तिला गरम पाण्याने शेकते, तिखट रस्सा पाजते आणि काही आठवडे राहते. सून इग्बो असेल तर तिच्या आईच्या व्हिसाची तयारी सातव्या महिन्याच्या आत सुरू करावी, आणि त्या दिवसांत आपल्या घरातील शेक-शेगडी आणि आळिवाचे लाडू कोणी करायचे, हे दोन्ही आयांनी मिळून ठरवावे. योरुबा घरात नामकरण आठव्या दिवशी असते आणि आपले बारसे बाराव्या दिवशी, तेव्हा दोन्ही करण्यास काहीच अडचण नाही.

मरणाविषयी बोलणे लोक टाळतात आणि तेथेच सर्वांत मोठा घात होतो. आपल्याकडे काही तासांत दहन होते. इग्बो घरात मृतदेह काही आठवडे शवागारात ठेवतात, परगावची मुले येईपर्यंत थांबतात आणि वडिलोपार्जित अंगणात दफन करतात. त्या दिवशी जावयाने आपली माणसे घेऊन, वस्त्रे आणि भेटी घेऊन जाणे अपेक्षित असते. केवळ फोनवर सांत्वन करणारा जावई त्यांच्या दृष्टीने आलाच नाही. उलट, सासऱ्याचे दहन आपण विमानात असतानाच झाले, हे इग्बो जावयाला अनादर वाटू शकते. किती तास थांबता येईल, हे आपल्या भावकीने आधी सांगून टाकावे.

केनियातील एस. एम. ओटिएनो हे वकील डिसेंबर १९८६ मध्ये वारले. ते लुओ समाजाचे होते आणि पत्नी वांबुई किकुयू होत्या. नैरोबीजवळ दफन व्हावे अशी पतीची इच्छा होती असे पत्नीचे म्हणणे होते, तर कुळाने देह गावी नेण्याचा हक्क सांगितला. खटला महिनोन्महिने चालला, निकाल कुळाच्या बाजूने लागला आणि दफन मे १९८७ मध्ये न्यालगुंगा या गावी झाले. दोघे एकाच देशाचे होते, शिकलेले होते, आणि पती स्वतः वकील होते. याउलट केनियाच्याच नोबेल विजेत्या पर्यावरणवादी वांगारी माथाई यांनी आपल्या अंत्यविधीसाठी लाकडी पेटी नको असे सांगून ठेवले होते, आणि २०११ मध्ये नैरोबीच्या कारिओकोर येथे त्यांचे दहन झाले, जरी त्यांच्या समाजात दहनाची रीत नव्हती.

म्हणून दोघांनी आपापली इच्छा लिहून ठेवावी: दहन की दफन, कोणत्या गावी, कोणत्या धर्माच्या विधीने, आणि देह परत न्यायचा झाल्यास खर्च कोणी करायचा. सिंधुदुर्गात कॅथलिक चर्चची स्मशाने आहेत, परंतु अन्य पंथाच्या माणसाला तेथे जागा मिळेल का, हे त्या चर्चच्या धर्मगुरूंना जिवंतपणीच विचारावे लागते. कागदावर दोघांच्या सह्यांबरोबर दोन्ही घरांतील एकेका वडीलधाऱ्याची सही घ्यावी, एक प्रत येथील भावकीतील जबाबदार माणसाकडे आणि एक तिकडच्या भावकीत ठेवावी, आणि मूल झाल्यावर किंवा देश बदलल्यावर तो कागद पुन्हा काढून वाचावा.